शाळेतल्या जंताच्या गोळीचा फायदा किती वर्षं टिकतो? रॉकफेलर यांच्या मोहिमेचा हिशेब लागला ९० हून अधिक वर्षांनी

पुणे : करोनाकाळात घराघरांत नाव पोहोचलेली इथली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे ‘एनआयव्ही’, १९५२ मध्ये सुरू झाली ती रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं. ज्यांच्या पैशावर हे फाउंडेशन उभं राहिलं, त्या जॉन डी. रॉकफेलर यांची आरोग्यातली पहिली मोठी मोहीम मात्र विषाणूंविरुद्ध नव्हती. ती होती मुलांच्या पोटातल्या जंतांविरुद्ध.

रॉकफेलर यांचा जन्म ८ जुलै १८३९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रिचफोर्डचा. वडील गावोगाव फिरून भोंदू औषधं विकायचे. मुलगा आधी हिशेबनीस झाला, मग रॉकेलच्या धंद्यात उतरला. १८७० मध्ये ‘स्टँडर्ड ऑइल’ आली आणि ते अमेरिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले. मक्तेदारीमुळे १९११ मध्ये कोर्टानं कंपनीचे तुकडे केले.

त्याआधी, १९०९ मध्ये, त्यांनी हूकवर्मविरुद्ध १० लाख डॉलर दिले. या जंताची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते. आतड्याला चिकटून जंत रक्त शोषतो. मूल फिकट पडतं, वर्गात पेंगतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना हा संसर्ग होता आणि लोक त्यांना आळशी म्हणत. औषध होतं थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्यातलाच एक घटक, आणि जुलाबाचं मीठ. या शेठला बूट विकायचे असतील, अशीही कुजबुज झाली!

पाच वर्षांत मोहीम आटोपली. जंत काही संपले नाहीत, कारण संडास नसलेल्या गावांत संसर्ग पुन्हा व्हायचा. रॉकफेलर २३ मे १९३७ रोजी ९७ व्या वर्षी गेले. खरा निकाल २००७ मध्ये आला. अर्थतज्ज्ञ हॉइट ब्लीकली यांनी जुन्या जनगणनांचे आकडे तपासले. जिथं संसर्ग जास्त होता, तिथं मोहिमेनंतर शाळेतली हजेरी आणि साक्षरता जास्त वाढली होती. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाईही वाढलेली दिसली. (इंजिनिअरिंगमध्ये इतक्या उशिरा रीडिंग घेतलं असतं, तर नापास झालो असतो.)

आजच्या मोहिमांतून एवढाच फायदा होतो का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वयोगटाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल मोफत मिळतं. दोन वर्षांखालच्यांना अर्धी गोळी. त्या दिवशी मूल आजारी किंवा गैरहजर असेल, तर ‘मॉप-अप’ दिवशी गोळी देतात. ती तारीख शाळेत विचारून ठेवा.