दाखला नसलेले गुरू

उमरेडच्या शाखेत मी अधिकारी असताना एक तरुण बाई नृत्यवर्गासाठी कर्ज मागायला आल्या. कुठे शिकलात, असे विचारल्यावर त्यांनी गुरूंचे नाव सांगितले. मी प्रमाणपत्र मागितले. ते नव्हते, अर्ज परत गेला.

पुढे मादाम मेनकांविषयी वाचताना तो अर्ज आठवून मी ओशाळलो. मेनका म्हणजे मूळच्या लीला रॉय, जन्म १८९९, बारिसालचा. पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक. घरंदाज बाईने पायात घुंगरू बांधले की चार घरांत कुजबुज व्हावी, असा तो काळ. अशा वेळी ही साहेबाची बायको कथक शिकायला बसली. पंडित सीताराम प्रसाद, मग लखनौचे अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांच्यापुढे. अच्छन महाराजांकडे तरी कुठला दाखला होता? काका बिंदादीन महाराजांनी घरीच घडवले, एवढेच.

१९३६ साली बर्लिनच्या नृत्य ऑलिंपियाडमध्ये मेनकांचा संच गाजला. युरोपच्या त्या दौऱ्यात आठ वर्षांची एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. परतल्यावर मेनकांनी आपल्या खंडाळ्यात ‘नृत्यालयम्’ काढले. कथक, कथकली, मणिपुरी, प्रत्येकाला त्या त्या परंपरेतलेच गुरू. मी असतो तर एकाचाही अर्ज मंजूर केला नसता!

१९४७च्या मे महिन्यात मेनका गेल्या. दमयंती पुढे मुंबईत स्वतः गुरू झाल्या. १९७० साली त्यांना पद्मश्री मिळाली.