ज्युल व्हर्नची कादंबरी प्रकाशकाने नाकारली आणि ती १३१ वर्षांनी छापून आली

वडील वकील, त्यामुळे पोरानेही वकीलच व्हायचं हे घरात आधीच ठरलं होतं. ८ फेब्रुवारी १८२८ ला फ्रान्समधल्या नान्त या बंदराच्या शहरात जन्मलेला ज्युल व्हर्न पॅरिसला जाऊन कायदा शिकलाही. पण डोक्यात नाटकं शिरली होती.

नाटकांवर पोट भरेना. १८५७ मध्ये लग्न झालं आणि तो शेअर बाजारात काम करू लागला. पहाटे उठून लिहायचं, मग बाजार गाठायचा.

पस्तिशीला आल्यावर नशीब फिरलं. १८६३ मध्ये प्रकाशक एत्झेलने त्याची बलूनच्या प्रवासावरची कादंबरी छापली आणि ती गाजली. त्याच भरात व्हर्नने १९६० सालच्या पॅरिसची गोष्ट लिहिली. त्यात गॅसवर धावणाऱ्या गाड्या होत्या, हिशेब करणारी यंत्रं होती आणि कवितेला कुणी विचारत नाही म्हणून उपाशी राहणारा एक तरुण होता. यावर कोण विश्वास ठेवणार, असं म्हणत एत्झेलने ती परत केली. हस्तलिखित तसंच पडून राहिलं.

पुढे पृथ्वीच्या पोटातला प्रवास, चंद्रावरची स्वारी, ऐंशी दिवसांत जगाची फेरी अशा एकाहून एक कादंबऱ्या आल्या. पण एत्झेलची कात्री सुटली नाही. पाणबुडीवाला कॅप्टन निमो व्हर्नला रशियाने छळलेला पोलिश सरदार करायचा होता. रशियात पुस्तकं खपतात म्हणून एत्झेलने ते होऊ दिलं नाही. निमोचा देश गुलदस्त्यातच राहिला. नंतरच्या कादंबरीत मात्र तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघाला, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला!

१८८६ मध्ये सख्ख्या पुतण्याने व्हर्नवर गोळी झाडली. ती पायात लागली आणि तो कायमचा लंगडा झाला. तरी लिखाण थांबलं नाही, उलट तो आमियाँ शहराचा नगरसेवकही झाला. २४ मार्च १९०५ ला तिथेच त्याचं निधन झालं. मराठी मुलांपर्यंत तो पोहोचला भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे.

आणि ती नाकारलेली कादंबरी? १९८९ मध्ये व्हर्नच्या पणतूला एका जुन्या तिजोरीत तिचं हस्तलिखित सापडलं. १९९४ मध्ये ती छापून आली, तोवर तिच्यातलं १९६० सालही मागे पडलं होतं.