वाटाण्याचा अंकुर आणि आपला कॅमेरा

पैशाअभावी लघुपट अडला, असे मारुंजीतील आमचे तरुण सांगतात. त्यांना आम्ही दादासाहेब फाळके यांचे चरित्र सांगतो. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. हाती भांडवल नव्हते. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून लघुपट केला. तो पाहून कर्ज मिळाले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, साऱ्यांचा स्वयंपाक, सगळीकडे त्याच राबल्या. १९१३ साली चित्रपट झळकला. १९४४ साली फाळके वारले. ते जनक ठरले, बाईंचे श्रम पडद्यामागेच राहिले. त्यांच्या पुराणकथा आपल्या नव्हेत. जिद्द मात्र घ्यावी. मोबाईल हाच आपला कॅमेरा. वस्तीची कथा आपणच टिपू आणि राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव पडद्यावर लिहू!