बोटांनी वाचता येणारी बंगाली : लालबिहारी शाह

बंगालच्या ख्रिस्ती इतिहासात लालबिहारी हे नाव दोनदा येते. लोककथांचे संग्राहक रेव्ह. लालबिहारी डे पुष्कळांना ठाऊक आहेत. दुसरे लालबिहारी शाह. अंधांच्या शिक्षणक्षेत्रात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या मंडळ्यांत मात्र ते क्वचितच कानी पडते.

त्या काळी अंध मनुष्य शास्त्रपाठ ऐकून मुखोद्गत करू शके. पण हवा तेव्हा ग्रंथ उघडून स्वतः वाचणे त्याला शक्य नव्हते. वाचून दाखविणारा उठून गेला की वाचन थांबे. स्वतः अंध असलेल्या लुई ब्रेल यांनी फ्रान्समध्ये १८२९ साली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली, तेव्हा हे परावलंबन सरण्याचा मार्ग दिसला. हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा मिस अ‍ॅनी शार्प यांनी १८८७ साली अमृतसरला काढली. १८९७ साली शाह यांनी कलकत्ता ब्लाइंड स्कूलची स्थापना केली आणि १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी हेच कार्य आरंभिले.

शाळा निघाली, तरी मातृभाषेची लिपी कोठे होती? ब्रेलच्या सहा ठिपक्यांतून अवघी ६३ चिन्हे होतात. बंगालीत स्वर, व्यंजने, मात्रा आणि शेकडो जोडाक्षरे! शिवाय छापील बंगालीत मात्रा अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे येते. बोटाला मात्र सारे एका ओळीतच हवे. शाह यांनी बंगालीसाठी ब्रेल चिन्हांची योजना केली. तीच पुढे शाह ब्रेल म्हणून ओळखली गेली. परक्या भाषेचा आधार न घेता बंगाली अंध मुलांना आपल्या बोलीतले शब्द बोटांनी ओळखता येऊ लागले.

परंतु इतर प्रांतांतही अशाच निरनिराळ्या योजना निघाल्या होत्या. मुंबईकडे नीलकंठराय छत्रपती यांची एक, म्हैसूरची दुसरी. एकाच ठिपक्यांचा अर्थ येथे एक, तेथे दुसरा. एकेका भाषेचा वाचकवर्ग आधीच लहान. त्यात प्रत्येक योजनेसाठी वेगळी छपाई कशी परवडणार? अखेर १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारण्यात आली आणि शाह यांची चिन्हे मागे पडली.

मग त्यांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. त्यांनी ज्यांना वाचनाची गोडी लावली, त्यांच्यामुळेच समान लिपीची निकड भासली. बेहाला येथे त्यांची शाळा आजही उभी आहे.

आज मोबाइल फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. तेव्हा ब्रेल कशाला, असे काहींना वाटते. हेलन केलर यांच्याप्रमाणे ज्यांना दृष्टीही नाही आणि श्रवणही नाही, त्यांना त्या आवाजाचा काय उपयोग? त्यांच्यासाठी विजेवर चालणाऱ्या पट्टीतून बारीक टाचण्या वर येतात आणि बोटांखाली ब्रेलचे ठिपके उमटतात. ओळ वाचून झाली की टाचण्या खाली जातात व पुढची ओळ उमटते.

गव्हाचा दाणा जमिनीत पडून नाहीसा होतो, तेव्हाच कणीस येते. शाह यांच्या लिपीचेही तसेच झाले. आपल्या मंडळीत एखादा अंध बांधव असेल, तर त्याला केवळ वाचून दाखवून थांबू नये. त्याच्या हाती मराठी ब्रेल पुस्तक येईल असे पाहावे.