विटा वाचवणारे लॉरी बेकर कोण होते? त्यांची पद्धत परभणीत का उपयोगी आहे?

परभणीत घर बांधायचं म्हटलं की पहिला हिशेब विटांचा. लाल विटेसाठी माती खणावी लागते आणि ती भाजायला इंधन जाळावं लागतं. शेजारच्या परळीतल्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेची वीट हा एक पर्याय आहे. पण मुळात विटाच कमी लागल्या तर? वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी नेमकं हेच करून दाखवलं.

मुंबईतली भेट

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी चीनमध्ये रुग्णसेवा केली. परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले आणि तिथे गांधीजींना भेटले. बेकर यांच्या पायात चिंध्यांपासून बनवलेले बूट होते. त्यावरून गप्पा सुरू झाल्या. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा बसला.

१९४५ मध्ये ते भारतात परतले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न झालं. पिथोरागडच्या डोंगरात दवाखाना चालवताना, स्थानिक लोक दगड-मातीची घरं कशी बांधतात हे ते शिकले. १९६३ मध्ये हे दाम्पत्य केरळात गेलं.

विटा कशा वाचतात?

बेकर यांनी भारतात 'रॅट ट्रॅप बाँड' पद्धत रुजवली. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे भिंतीत पोकळी राहते. नेहमीच्या ९ इंची भिंतीपेक्षा सुमारे २५ टक्के विटा कमी लागतात. सिमेंटही वाचतं. पोकळीतली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. तिरुवनंतपुरममधलं 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज'चं विटांचं संकुल त्यांनीच उभारलं.

१९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

परभणीत काय लक्षात ठेवायचं?

इथल्या कडक उन्हाळ्यात पोकळ भिंत फायद्याची ठरते. या बांधकामाला एकसारख्या आकाराच्या विटा लागतात आणि राखेच्या विटा तशा मिळतात. मात्र मिस्त्रीला ही पद्धत येते का, हे आधी विचारावं. वायरिंग आणि पाइपची जागाही आधीच ठरवावी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया अभियंत्याच्या सल्ल्यानेच घ्यावा.