लोखंड, जकात आणि न्यायमूर्ती रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे म्हटले की आपल्या भागातल्या मराठी घरांत प्रार्थना समाज, विधवाविवाह आणि सामाजिक परिषद आठवते. शाळेच्या पुस्तकात तेवढेच असते. लोखंडाच्या कारखान्यांवर त्यांनी मोठा निबंध लिहिला होता, परदेशी माल, जकात आणि सरकारी मदत यांवर वीस-पंचवीस वर्षे विचार केला होता, हे फारसे कुणी सांगत नाही. सध्या पोलादावरच्या जकातीची बातमी नाही असा आठवडा जात नाही. अमेरिकेने २०१८ साली परदेशी पोलादावर शेकडा २५ जकात बसवली आणि २०२५ साली ती ५० केली. आपल्या सरकारनेही २०२५ च्या एप्रिलमध्ये काही प्रकारच्या आयात पोलादावर २०० दिवसांसाठी शेकडा १२ कर लावला. अशा वेळी रानड्यांचे चरित्र या बाजूने सांगावे असे आम्हाला वाटले.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढे मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव आहे. वाचन इतके, की विद्यार्थिदशेतच डोळे अधू झाले आणि ते दुखणे जन्मभर पुरले. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची बाजू घेऊन इंग्रजी राज्याशी तुलना केली, तेव्हा प्राचार्य ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. ग्रँटसाहेबांचा या मुलावर लोभही होता. पण लोभ वेगळा आणि राज्य वेगळे, हे रानड्यांना त्या वयातच कळले असावे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा पुढचा. शिक्षण संपल्यावर सुरुवातीच्या नोकऱ्यांत ते काही काळ अक्कलकोट संस्थानचे कारभारी होते. मुडबीहून निघून आळंदच्या पलीकडे गेले की अक्कलकोट. तिकडे गेलेल्याला मराठी आणि कानडी एकाच बाजारात ऐकू येते, हे आम्ही सांगायला नको. त्या वर्षांत स्वामी समर्थांचा मुक्कामही अक्कलकोटातच होता. अक्कलकोटच्या पूर्वेला निजामाचे राज्य सुरू होई आणि तिथे करोडगिरीचे नाके असत. करोडगिरी म्हणजे हैदराबाद राज्याचे जकात खाते. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या १८०२ च्या तहाने हद्दीवरची जकात साधारण शेकडा ५ ठरली होती. सोलापूरच्या गिरणीचे कापड असो की मुंबईच्या धक्क्यावर उतरलेले विलायती लोखंड, इकडे येताना ते नाक्यावर थांबे. आजच्या पिढीला जकात म्हणजे दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्यातली गोष्ट वाटते. आपल्या पणजोबांसाठी ती बैलगाडीतून उतरून भरायची रक्कम होती.

अक्कलकोट आणि कोल्हापूर इथल्या छोट्या नेमणुका, मुंबईत अध्यापन, मग १८७१ साली पुण्याला न्यायाधीश. त्याच साली जी. आय. पी. रेल्वे सोलापूर, गुलबर्गा करत रायचूरला पोहोचली. या रेल्वेचा प्रत्येक रूळ, प्रत्येक खिळा जहाजाने विलायतेहून आला होता. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून, भरून निघे. रानड्यांच्या पुढच्या सगळ्या अर्थविचाराचे मूळ आम्हाला या एका हमीत दिसते. सरकारने उद्योगधंद्यात हात घालू नये, व्यापार खुला असावा, असे त्या काळचे राज्यकर्ते सांगत. पण इंग्रजी भांडवलाने बांधलेल्या रेल्वेला तेच सरकार हमी देत होते. मग ही हमी लोखंडाच्या भट्टीला, साखरेच्या कारखान्याला, कापडाच्या गिरणीला का नको, असा साधा प्रश्न होता.

पुण्यात १८७२-७३ मध्ये त्यांनी व्यापारावर मराठीतून व्याख्याने दिली. ती ऐकणाऱ्यांत सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी होते. त्यांनी देशी कापडाचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादी घालून गेले. रानडे सरकारी नोकर, त्यामुळे त्यांना काम पडद्याआडून करावे लागे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातले पुष्कळ लेखन त्यांचे असे आणि त्यावर नाव नसे. तरीही संशय आलाच. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी, १८७९ साली, त्यांची बदली धुळ्याला झाली आणि काही काळ त्यांची टपाले उघडून पाहिली गेली. त्यांनी कुरकुर केल्याचे दिसत नाही. बदलीच्या गावीही ते वाचत राहिले आणि माहिती जमवत राहिले.

त्यांच्या घरगुती आयुष्यात एक बोचणारी गोष्ट आहे, ती वगळू नये. पहिली पत्नी १८७३ साली वारली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. तीच मुलगी पुढे रमाबाई रानडे म्हणून पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली. तिच्या आठवणींचे पुस्तक मराठी घरांत अजून वाचले जाते.

दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ साली कायदा झाला. त्याच्या अंमलासाठी रानडे पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांत फिरले. गावोगावचे दप्तर पाहिले, सावकाराचे आणि कुणब्याचे दोघांचेही ऐकले. या फिरस्तीत त्यांना दिसले की गावातले कोष्टी, लोहार, तेली आपले काम सोडून जमिनीकडे वळत आहेत. देश दिवसेंदिवस जास्तच शेतीवर पडत चालला आहे, हे त्यांचे मोठे निदान होते. शेती पावसावर, आणि पाऊस बेभरवशाचा. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुण्यात १८९० पासून औद्योगिक परिषदा भरू लागल्या, त्यामागे मुख्य हात त्यांचाच होता. डेक्कन कॉलेजात १८९२ साली त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिस्ट यांचे विचार त्यांनी जवळचे मानले. इंग्लंडच्या पुस्तकातले नियम सर्व देशांना, सर्व काळात सारखे लागू पडत नाहीत, ही त्यांची मांडणी. इंग्लंडने स्वतः शेकडो वर्षे परक्या मालावर बंधने घालून आपले धंदे वाढवले आणि ते बळकट झाल्यावर जगाला खुल्या व्यापाराचा उपदेश सुरू केला, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले.

त्याच सुमारास त्यांनी लोखंडावरचा निबंध परिषदेपुढे वाचला. आम्हाला तो त्यांच्या अर्थविषयक लेखनातला सर्वांत जिवंत भाग वाटतो, कारण त्यात तत्त्वापेक्षा हकिकती जास्त आहेत. दिल्लीचा लोहस्तंभ घडवणारा देश परदेशी लोखंडाचा गिऱ्हाईक कसा झाला, इथून विचार सुरू होतो. आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातच, निर्मळजवळच्या कोनसमुद्रम गावी असे पोलाद बनत असे की ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. कोळशाच्या मोठ्या भट्ट्यांतले स्वस्त विलायती लोखंड गावोगाव पोहोचले. इकडे जंगले सरकारच्या ताब्यात गेली आणि लोणारी कोळसा महागला. लहान भट्ट्या विझल्या. मग मोठे कारखाने काढण्याचे प्रयत्न झाले. मद्रासकडे पोर्टो नोव्होला हीथ नावाच्या साहेबाने काढलेला कारखाना सरकारी उचल मिळूनही बुडाला. बंगालमध्ये बराकरचा कारखाना १८७० च्या दशकात निघाला आणि काही वर्षांतच बंद पडला. तो सरकारने चालवायला घेतला, चालता केला आणि पुन्हा खासगी कंपनीला विकला.

या अपयशांतून रानड्यांनी काढलेला निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेबाहेरचा होता. हिंदी माणसाला जमत नाही, असे ते म्हणाले नाहीत. नुसत्या जकातीने सगळे सुटेल, असेही नाही. त्यांचे म्हणणे असे, की लोखंडाचा धंदा हा फार मोठ्या भांडवलाचा आणि फार उशिरा फळ देणारा आहे. एकट्यादुकट्याने केलेले आणि मध्येच सोडून दिलेले प्रयत्न त्यात टिकणार नाहीत. सरकार स्वतःच देशातले सर्वांत मोठे लोखंडाचे गिऱ्हाईक आहे. रेल्वे, पूल, तोफखाना, कालवे यांसाठी लागणारा माल इथे घेण्याची हमी त्याने द्यावी, सुरुवातीच्या वर्षांत स्वस्त भांडवल द्यावे. संरक्षक जकात हे हत्यार परक्या सरकारकडून मिळणार नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ साली कापडावरची आयात जकात उठली होती. म्हणून त्यांनी मिळण्याजोग्या मदतीवर भर दिला.

तिजोरीला पैसा हवा म्हणून १८९४ साली जकात परत आली, तेव्हा लोखंड-पोलादावर ती जेमतेम शेकडा १ होती. कापडावर ५, पण त्याच्या जोडीला देशी गिरण्यांच्या सुतावरही तितकाच कर बसवला, म्हणजे मँचेस्टरचे नुकसान नको. उलट १८९९ साली जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सरकारी बक्षिसीवर स्वस्त झालेल्या बीटच्या साखरेवर हिंदुस्थान सरकारनेच भरपाईची जकात बसवली. परक्या सरकारच्या पैशाने स्वस्त झालेला माल हा न्याय्य व्यापार नाही, हे तत्त्व तेव्हा कलकत्त्यात मान्य झाले. साखरेला न्याय आणि कापडाला वेगळा न्याय, असा तो कारभार होता. रानडे १८९३ पासून मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर होते. साखरेची ही जकात बसल्यावर दोन वर्षांच्या आत, १६ जानेवारी १९०१ रोजी, ते वारले. एकोणसाठ पुरे व्हायला दोन दिवस कमी होते.

लोखंडाची गोष्ट मात्र तिथे थांबत नाही. जमशेटजी टाटांनी १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल वाचला होता. त्यांचेही निधन १९०४ साली झाले. कंपनी १९०७ मध्ये निघाली आणि १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद ओतले गेले. कारखाना उभा राहण्याआधीच सरकारने दरवर्षी २०,००० टन रूळ दहा वर्षे विकत घेण्याचे कबूल केले होते, आयात रुळांच्या भावाने. रानड्यांनी सुचवलेली हमी ती हीच, पंधरा-सोळा वर्षे उशिरा आलेली.

पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियम, जर्मनी, इंग्लंड यांचे पोलाद पडत्या भावाने येऊ लागले आणि टाटांचा कारखाना डबघाईला आला. तेव्हा, जून १९२४ मध्ये, पोलादाला संरक्षण देणारा कायदा दिल्लीच्या कायदेमंडळाने केला. काही मालावर आयात जकात, आणि रुळांसारख्या मालावर सरकारी तिजोरीतून बक्षिसी. जकात बसली की माल घेणारा प्रत्येक जण किंमत मोजतो, त्यात फाळ घेणारा कुणबीही आला. बक्षिसी दिली की ती करदात्यांत वाटली जाते. हा फरक त्या चर्चेत वारंवार आला.

रानड्यांचे शिष्य गोखले १९१५ सालीच गेले होते. संरक्षणाचा योग्य आणि अयोग्य असे दोन प्रकार असतात, हे गोखल्यांनी १९११ साली साखरेच्या चर्चेत सांगून ठेवले होते. वाढत्या धंद्याला आधार देणारा पहिला, आणि वजनदार मंडळींनी लोकांच्या खर्चाने पदरात पाडून घेतलेला दुसरा. १९२४ च्या सभागृहात गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी कामगारांच्या बाजूने बसले होते. त्यांनी विचारले, की लोक जर आपल्या खिशातून हा कारखाना जगवणार असतील, तर भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मजुरीचे आणि घराचे काय. रानड्यांच्या निबंधात भांडवल आहे, खनिज आहे, सरकार आहे. मजूर त्यात फारसा दिसत नाही. ती उणीव त्यांच्याच परंपरेतल्या माणसाने भरून काढली, याचे आम्हाला विशेष वाटते.

कायद्याची मुदत संपल्यावर १९२७ साली नवा कायदा आला. त्यात इंग्लंडच्या पोलादावर कमी आणि युरोपातल्या इतर देशांच्या पोलादावर जास्त जकात ठेवली गेली, त्यावरून पुन्हा मोठी भांडणे झाली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दिल्लीत ठरलेली जकात मुंबईच्या बंदरावर भरून आलेली परदेशी लोखंडाची कांब करोडगिरीच्या नाक्यावर आणखी एकदा कर देऊन इथल्या लोहाराच्या ऐरणीवर पोहोचत असे. त्या कायदेमंडळात त्या लोहाराचा किंवा त्याच्या गिऱ्हाइकाचा एकही प्रतिनिधी नव्हता.