डॉक्टर कोटणीस
इ. स. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते.

चीनमध्ये आडनाव आधी आणि नाव मागाहून येते. आपल्या शाळेच्या हजेरीपटात असते तसेच! या डॉक्टरांनी चिनी नावे धारण केली. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. ‘हुआ’ म्हणजे चीन. ते चिनी भाषा शिकले. तेथे असतानाच वडील वारल्याची वार्ता आली; पण जखमींना सोडून ते परतले नाहीत.

चिंग्लान या चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टात पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराने कोटणीसांचा अंत झाला. पथकातील इतर चौघे मायदेशी परतले.

एप्रिलच्या आरंभी ‘छिंगमिंग’ हा सण येतो. आपल्या पितृपंधरवड्यासारखाच तो पूर्वजांच्या स्मरणाचा. घरोघरची माणसे थडगी झाडून तेथे फुले वाहतात. त्या दिवशी शिजियाझुआंग येथे कोटणीसांच्या समाधीवरही चिनी लोक फुले वाहतात.